एच-१बी व्हिसाच्या मुलाखतीची तयारी: पिटिशन वाचण्यापासून पासपोर्ट हाती येईपर्यंत

अमेरिकेतील कंपनीत नोकरी करण्यासाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसासाठी मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत होणारी मुलाखत बहुतेकांच्या बाबतीत काही मिनिटांतच आटोपते. तेवढ्या वेळात काचेपलीकडचा अधिकारी तीन गोष्टी पडताळतो: अमेरिकेतील नोकरी खरी आहे का, त्या कामासाठी विशिष्ट विषयातील पदवी खरोखर लागते का, आणि समोर उभ्या असलेल्या व्यक्तीकडे ते शिक्षण व तो अनुभव आहे का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कंपनीने दाखल केलेल्या पिटिशनमध्ये, म्हणजे आपल्यासाठी अमेरिकी सरकारकडे केलेल्या अर्जात, आधीच लिहिलेली असतात. त्यामुळे आपल्याविषयी तिथे काय लिहिले आहे ते नीट वाचणे, ते खरे आहे याची खात्री करणे आणि तेच आपल्या साध्या शब्दांत सांगता येणे, हाच या तयारीचा गाभा आहे. पुष्कळ हुशार आणि कष्टाळू माणसे नेमके हेच करायचे सोडून कोणाकडून तरी मिळालेली उत्तरे पाठ करून खिडकीशी जातात आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिले काम: पिटिशनची संपूर्ण प्रत मागून घेणे

प्रक्रियेचा क्रम समजला की कागदांचा अर्थ लागतो. कंपनी आधी अमेरिकेच्या श्रम विभागाकडे एलसीए हा कामाच्या अटींविषयीचा अर्ज दाखल करते आणि त्यात पद, कामाचे ठिकाण व पगार नमूद करते. त्यानंतर अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, आय-१२९ हा अर्ज जातो. तो मंजूर झाला की आय-७९७ ही मंजुरीची सूचना मिळते. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याला फक्त ही सूचना पाठवतात. तेवढ्यावर समाधान न मानता आय-१२९, एलसीए, कंपनीचे समर्थनपत्र आणि सोबत जोडलेले सर्व दाखले कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून किंवा वकिलाकडून लेखी मागून घ्यावेत. ज्या कागदांच्या आधारावर आपली चौकशी होणार आहे ते आपल्याला पाहायला मिळावेत, ही मागणी रास्त आहे. ती कोणी टाळत असेल तर का टाळत आहे, हे विचारायला संकोच करू नये.

प्रत हाती आल्यावर पेन्सिल घेऊन बसावे. पदाचे नाव, कामांची यादी, कामाचा पूर्ण पत्ता, वार्षिक पगार, मंजुरीची सुरुवातीची व शेवटची तारीख या गोष्टी अधोरेखित कराव्यात. आय-१२९मध्ये कंपनीची कर्मचारीसंख्या आणि वार्षिक उत्पन्नही लिहिलेले असते. ‘तुमच्या कंपनीत किती लोक काम करतात?’ हा वरवर अवांतर वाटणारा प्रश्न तिथूनच येतो. समर्थनपत्रातील कामांची यादी कायदेशीर भाषेत आणि बरीच लांब असते. तिच्यातील प्रत्येक ओळीपुढे ‘हे काम मी आज कुठे करतो किंवा तिथे कसे करणार आहे’ याची एकेक नोंद मराठीत लिहून काढावी. एखाद्या ओळीपुढे काहीच लिहिता आले नाही, तर मुलाखतीच्या आधीच त्याविषयी व्यवस्थापकाशी बोलावे.

नोकरी एका कंपनीची आणि काम दुसऱ्या कंपनीच्या, म्हणजे क्लायंटच्या प्रकल्पावर, अशी रचना असेल तर आणखी काळजी घ्यावी लागते. क्लायंट कोण, मध्ये कोणी व्हेंडर, म्हणजे मध्यस्थ कंपनी, आहे का, कामावर देखरेख कोणाची, प्रकल्प किती काळ चालणार आणि क्लायंटचे पत्र कोणत्या तारखेचे आहे, हे सगळे ठाऊक असावे. पिटिशन मंजूर झाल्यापासून प्रकल्प बदलला असेल किंवा कामाचे शहर बदलले असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय खिडकीशी जाऊ नये. कामाचे ठिकाण एलसीएतील महानगर क्षेत्राबाहेर गेले की सामान्यतः सुधारित पिटिशन दाखल करावे लागते, आणि जुन्या कागदांवर नवे उत्तर दिले की प्रकरण अडकते.

पदवी आणि कामाचा संबंध

महाराष्ट्रातील अर्जदारांना हा भाग सर्वांत जास्त त्रास देतो, म्हणून येथे थोडे थांबू. आपल्याकडे यंत्र, विद्युत किंवा उत्पादन अभियांत्रिकीची पदवी घेऊन सॉफ्टवेअरच्या नोकरीत गेलेल्यांची संख्या मोठी आहे. भरतीच्या वेळी कंपन्यांना त्याचे काही वाटत नाही. पण एच-१बी हा व्हिसा विशिष्ट विषयातील पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता आवश्यक असलेल्या कामांसाठी आहे, त्यामुळे ‘शिक्षण मेकॅनिकलचे आणि काम डेटा इंजिनिअरचे, हे कसे?’ असा प्रश्न येणे अगदी स्वाभाविक आहे. याचे उत्तर पिटिशनमध्ये वकिलाने कुठेतरी दिलेले असते: कधी पदवीतील गणित, संख्याशास्त्र व संगणकीय विषयांच्या आधारे, कधी अनुभवाच्या मूल्यांकनाच्या आधारे, तर कधी एखाद्या प्राध्यापकाच्या तज्ज्ञ मताच्या आधारे. ते शोधून समजून घ्यावे आणि आपले उत्तर त्याच धाग्याने द्यावे.

तीन वर्षांची बी.एस्सी., बी.कॉम. किंवा बी.सी.ए. असलेल्यांच्या बाबतीत अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीशी समकक्षता दाखवावी लागते. यूएससीआयएस कमी पडणाऱ्या शिक्षणाच्या एका वर्षासाठी तीन वर्षांचा संबंधित अनुभव ग्राह्य धरू शकते. ज्यांच्या पिटिशनमध्ये असे मूल्यांकन जोडले आहे त्यांनी कोणत्या नोकरीची कोणती वर्षे मोजली गेली आहेत हे तारखांसह लक्षात ठेवावे आणि त्या नोकऱ्यांची अनुभवपत्रे जवळ बाळगावीत.

या ठिकाणी एक इशारा स्पष्ट शब्दांत द्यायला हवा. अनुभवाची वर्षे ‘वाढवून’ देणारे सल्लागार मुंबई-पुण्यात आहेत आणि त्यांच्या नादी लागून पुष्कळ तरुण आपले भवितव्य पणाला लावतात. व्हिसासाठी महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे ठरले, तर अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २१२(ए)(६)(सी) खाली कायमची अपात्रता येते. एखाद्या वर्षाच्या कमी अनुभवामुळे मिळालेला नकार पुढे भरून काढता येतो, हा डाग मात्र पुसता येत नाही. पिटिशन मिळवून देण्यासाठी आपल्याकडूनच पैसे मागणाऱ्या कंपनीपासूनही दूर राहावे. पिटिशनसोबत मालकाने भरायचे प्रशिक्षण शुल्क कर्मचाऱ्याकडून वसूल करणे बेकायदा आहे, आणि काम नसलेल्या काळात पगार बंद करणेही मालकाला मना आहे.

डीएस-१६०: अर्ज स्वतः भरावा

व्हिसासाठीचा हा ऑनलाइन अर्ज कंपनीचा प्रतिनिधी भरून देत असला तरी दाखल करण्यापूर्वी तो ओळीने ओळ स्वतः तपासावा, कारण शेवटी सही आपली मानली जाते. सुमारे २० मिनिटे काही हालचाल झाली नाही तर सत्र बंद होते. म्हणून सुरुवातीलाच अर्जाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि प्रत्येक पानानंतर माहिती जतन करावी.

नावाच्या बाबतीत मराठी माणसाची अडचण वेगळीच असते. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि ‘गिव्हन नेम’च्या ओळीत स्वतःचे नाव व वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आईचे नाव वेगळे छापलेले असते, आणि विद्यापीठाच्या पदवीवर आणखी तिसराच क्रम सापडतो. अर्जात पासपोर्टप्रमाणेच अक्षरन्‌अक्षर नाव लिहावे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांनी, आणि काही घरांत पहिले नावही बदलले जाते अशांनी, पूर्वीचे नाव ‘इतर नावे’ या प्रश्नात अवश्य द्यावे आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नोंद सोबत ठेवावी. यात लपवण्यासारखे काही नाही. पदवीवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव यांची सांगड लागावी एवढाच उद्देश आहे.

तीन प्रश्नांवर लोक चुकतात. पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का, या प्रश्नात २२१(जी) या कलमाखाली, म्हणजे कागद किंवा तपासणी बाकी म्हणून, अडकलेले जुने प्रकरणही धरायचे, पुढे व्हिसा मिळाला असला तरी. आपल्यासाठी कोणी स्थलांतराचे पिटिशन दाखल केले आहे का, या प्रश्नात आधीच्या कंपनीने ग्रीन कार्डसाठी दाखल केलेला आय-१४० मोजला जातो. अटकेविषयीच्या प्रश्नात अमेरिकेत मद्यपान करून गाडी चालवल्याचे जुने प्रकरणही सांगावे लागते, ते न्यायालयात मिटले असले तरी, आणि त्याचे न्यायालयीन कागद सोबत न्यावे लागतात.

समाजमाध्यमांवरील गेल्या पाच वर्षांतील खात्यांची नावे अर्जात २०१९ पासून विचारली जातात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या पती, पत्नी व मुलांचा व्हिसा) अर्जदारांच्या ऑनलाइन खात्यांची तपासणीही सुरू झाली असून खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याची सूचना आहे. येथे सर्वाधिक महत्त्व लिंक्डइनला द्यावे. तिथे पदाचे नाव आणि नोकरीच्या तारखा अर्जाशी जुळत नसतील, तर चूक ज्या ठिकाणी असेल त्या ठिकाणी ती दुरुस्त करावी. घाबरून जुनी खाती अर्जातून वगळणे हा माझ्या मते सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण साध्या विसंगतीला त्याने लपवाछपवीचे रूप येते.

अर्ज दाखल झाल्यावर पुष्टीपत्राचा बारकोड आणि संपूर्ण अर्जाची प्रत छापून ठेवावी. नंतर चूक सापडून नवा अर्ज भरला, तर भेटीच्या नोंदणीत नवा क्रमांक घालून घ्यावा. भेट एका क्रमांकावर आणि हातात दुसराच कागद, असे असेल तर आत प्रवेशच अडतो.

शुल्क, तारीख आणि परतीचे तिकीट

पिटिशनवर आधारित कामाच्या व्हिसाचे शुल्क १७ जून २०२३ पासून २०५ डॉलर आहे आणि ते भरल्यापासून एक वर्षाच्या आत भेट ठरवावी लागते. भारतात दोन भेटी घ्याव्या लागतात: आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे व छायाचित्र, आणि त्यानंतर वेगळ्या दिवशी वकिलातीत मुलाखत. मुंबईची वकिलात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचे काम पाहते, तरी तारीख लवकर मिळत असेल तर दिल्ली, चेन्नई, हैदराबाद किंवा कोलकात्याचीही घेता येते.

२०२५ मध्ये नियम बरेच बदलले. मुलाखतीविना कागद टाकून नूतनीकरण करण्याची, लोक जिला ड्रॉपबॉक्स म्हणतात ती सोय २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीसाठी उरली नाही. त्याच महिन्यात, अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा निवासाच्या देशातच अर्ज करावा, अशी सूचना आल्याने तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्पिंग करण्याचा, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा घेण्याचा, जुना मार्गही जवळपास बंद झाला. २१ सप्टेंबर २०२५ नंतर दाखल झालेल्या काही नव्या पिटिशनना १,००,००० डॉलरची रक्कम लागू करण्यात आली. आपले पिटिशन त्यानंतरचे असेल तर ही रक्कम लागू होती का, आणि होती तर ती भरल्याचा पुरावा कुठे आहे, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ पुन्हा एकदा उघडून पाहावे.

अमेरिकेत आधीपासून काम करणारे आणि गणपतीला किंवा घरच्या लग्नाला आले असता स्टॅम्पिंग उरकून घेऊ म्हणणारे जे आहेत, त्यांनी तर फारच जपून बेत करावा. डिसेंबर २०२५ मध्ये भारतातील असंख्य भेटी एकाएकी काही महिने पुढे ढकलल्या गेल्या, आणि ज्यांची मुले तिकडे शाळेत होती, घराचे भाडे चालू होते, अशी कुटुंबे दुभंगून बसली. बदलता न येणारे परतीचे तिकीट काढू नये. अडकून पडलो तर भारतातून काम करता येईल का, किती दिवस, आणि पगाराचे काय, हे कंपनीशी निघण्यापूर्वीच बोलून ठेवावे.

कागदांची फाइल

वरच्या बाजूला चालू व जुने पासपोर्ट, डीएस-१६०चे पुष्टीपत्र, भेटीचे पत्र आणि आय-७९७ ठेवावे. छायाचित्र दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, सहा महिन्यांच्या आतले आणि चष्म्याविना हवे. त्याखाली पिटिशनची प्रत, नोकरीचे पत्र, क्लायंटचे पत्र, मग पदव्या व गुणपत्रिका, मग अनुभवपत्रे, अलीकडच्या पगारपावत्या व फॉर्म १६. अमेरिकेत काम केलेल्यांनी डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वार्षिक पगार व कराचा दाखला) आणि तिथली करविवरणपत्रे न्यावीत. पती, पत्नी व मुलांच्या एच-४साठी विवाह नोंदणीचा दाखला आणि जन्मदाखले लागतात. लग्नाचा अल्बम फाइलमध्ये भरण्यापेक्षा नोंदणीचा दाखला वेळेवर काढून ठेवणे अधिक उपयोगाचे. अधिकारी बहुधा पासपोर्ट आणि आय-७९७ याखेरीज काही मागत नाही. न मागितलेले कागद खिडकीतून पुढे सरकवू नयेत, पण मागितलेला कागद काही सेकंदांत काढता यावा.

उत्तरे कशी तयार करावीत

उत्तरे पाठ करू नयेत, मुद्दे पक्के करावेत. ‘तुम्ही तिथे काय काम करणार?’ या प्रश्नाला ‘मी सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट लाइफ सायकलच्या सर्व टप्प्यांत सहभागी असेन’ असे उत्तर आले, तर त्यातून काहीच कळत नाही आणि अधिकारी पुढचा, अधिक टोकदार प्रश्न विचारतो. याउलट ‘एका बँकेत पैसे पाठवण्याची जी यंत्रणा आहे तिच्यातील संशयास्पद व्यवहार ओळखणारा भाग मी लिहितो आणि तपासतो, गेली चार वर्षे पुण्यातून हेच काम करत आहे’ हे उत्तर दोन वाक्यांत काम, क्लायंटचे स्वरूप आणि अनुभव तिन्ही सांगून जाते. आपले काम आपल्या आत्याला किंवा काकांना समजेल असे सांगता आले की ते अधिकाऱ्यालाही समजते.

पगार, कामाचे शहर, कंपनीचे नाव, पदवीचे वर्ष यांची उत्तरे एका वाक्यात द्यावीत. पगार एलसीएत असेल तोच सांगावा. भत्ते मिळवून वाढवलेली किंवा अंदाजे रक्कम सांगू नये. एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे म्हणावे.

‘परत येणार का?’ या प्रश्नाची अनेकांना अकारण धास्ती असते. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदाराला कलम २१४(बी)नुसार परत येण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. एच-१बी आणि एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) यांना त्या अटीतून वगळले आहे, त्यामुळे ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असली तरी व्हिसा मिळू शकतो. गावाकडच्या जमिनीचे सातबारे किंवा बँकेतील ठेवींचे कागद गोळा करण्यात आठवडा घालवण्याची यात काही गरज नाही, तो वेळ पिटिशनला द्यावा.

सराव उभ्याने करावा, कारण मुलाखत उभ्यानेच होते. काच आणि ध्वनिक्षेपक यांमुळे आवाज थोडा तुटक येतो आणि उच्चारही सवयीचे नसतात. घरातील कोणाला तरी दाराआडून भराभर प्रश्न विचारायला सांगावे. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारण्याची नम्र विनंती करावी, अंदाजाने उत्तर देऊ नये. ज्यांना इंग्रजीत बोलताना दडपण येते अशा एच-४ अर्जदार पत्नींनी मुंबईत मराठीत किंवा हिंदीत बोलण्याची विनंती मोकळेपणी करावी.

मुलाखतीचा दिवस

वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. वांद्रे किंवा कुर्ला स्थानकावरून रिक्षा मिळते, आणि भुयारी मेट्रोचे बीकेसी स्थानकही आता सुरू आहे. कोल्हापूर, नाशिक, पणजीहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुक्कामाला यावे, पावसाळ्यात तर नक्कीच. आत मोबाइल, लॅपटॉप, स्मार्ट घड्याळ आणि मोठी पिशवी नेता येत नाही. सोबत कोणी असेल तर या वस्तू त्याच्याकडे द्याव्यात, नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवाव्यात. नेमलेल्या वेळेच्या फार आधी येऊन रांगेत उभे राहण्याने काही लाभ होत नाही.

खिडकीशी अधिकारी कामगारांच्या हक्कांविषयीचे पत्रक देतो आणि ते वाचले का असेही विचारतो. हे पत्रक खरोखर वाचावे. पगार रोखणे, पासपोर्ट काढून घेणे किंवा धमकावणे अशा प्रसंगी अमेरिकेत मदत कुठे मिळते, ते त्यात लिहिलेले असते.

निकाल

पासपोर्ट ठेवून घेतला आणि मंजुरीचे सांगितले, की तो काही दिवसांनी केंद्रातून घ्यायचा किंवा कुरिअरने मागवायचा. २२१(जी)ची चिठ्ठी मिळाली तर तिच्यावरील प्रत्येक ओळ तिथेच वाचावी: कागद हवे आहेत की केवळ अंतर्गत तपासणी बाकी आहे? या अवस्थेत संकेतस्थळावर ‘रिफ्यूज्ड’ असा शब्द दिसतो आणि घरचे लोक हादरतात, पण प्रकरण तिथे संपलेले नसते. मागितलेले कागद वकिलाला दाखवून एकत्रच पाठवावेत. एक वर्षाच्या आत ते दिले नाहीत तर नवा अर्ज व नवे शुल्क लागते.

खरोखर नकार मिळाला, तर कोणत्या कलमाखाली तो दिला आहे ते लिहून घ्यावे आणि त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न व दिलेली उत्तरे आठवतील तशी नोंदवून वकिलाकडे द्यावीत. अधिकाऱ्याने पिटिशनच यूएससीआयएसकडे परत पाठवण्याची शिफारस केली असेल तर त्याचे उत्तर कंपनीनेच यूएससीआयएसला द्यायचे असते, तिथे आपण पुन्हा तारीख घेऊन काही साधत नाही.

व्हिसा छापून आल्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कंपनीचे नाव आणि मुदत लगेच तपासावी आणि चूक असेल तर विमानात बसण्यापूर्वीच वकिलातीला कळवावे. पिटिशनच्या मुदतीला सुरुवात होण्याच्या जास्तीत जास्त दहा दिवस आधी अमेरिकेत प्रवेश करता येतो, काम मात्र मुदत सुरू झाल्यावरच. विमानतळावरही थोडेफार हेच प्रश्न विचारले जातात, म्हणून पिटिशनची प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी. पोहोचल्यावर आय-९४ची, म्हणजे अमेरिकेतील प्रवेश व मुक्कामाची, नोंद ऑनलाइन उघडून तिच्यावरील तारीख आय-७९७शी ताडून पाहावी, कारण तिथे किती काळ राहता येईल हे पासपोर्टवरच्या व्हिसावरून ठरत नाही, या नोंदीवरून ठरते.